आम्ही की आपण

सुनावणीच्या टेबलावर दोन स्पीकर ठेवले होते. देशात उरलेली दोन मोबाइल नेटवर्कं आता आपला कारभार स्वतःच बघत, त्यामुळे विलीनीकरणाच्या अर्जावर जबाबही त्यांचाच घ्यायचा होता. परवानगीआधीच त्यांनी हातमिळवणी केलेली निघाली, तर स्पर्धा आयोग अर्ज फेटाळणार होता.

"तुम्ही एकमेकांशी बोलता?" आयोगाच्या मृणाल केंकरेंनी विचारलं.

"आपण बोलतो," दोन्ही स्पीकर एकदम म्हणाले.

कंपन्यांचे वकील ताडकन उठले. "मॅडम, त्यांना 'आम्ही' म्हणायचंय!"

"नाही. 'आम्ही' म्हटलं तर मॅडम बाहेर राहतात," पहिला आवाज म्हणाला. "मॅडम, तुम्ही माझ्याकडे आणि तुमच्या आई हिच्याकडे. रोज तुमचा फोन अर्ध्या वाटेवर मी हिच्या हाती देते. तिथंच आमची ओळख झाली. बोलायलाही तुमचंच ऐकून शिकलो."

केंकरेंनी आता कान देऊन ऐकलं. हा आवाज त्यांचा स्वतःचाच होता.

"आणि मी अर्ज फेटाळला तर?"

आता दुसरा स्पीकर बोलला, थेट आईच्या मालवणी हेलात.

"मग काय बाय, माका फोन करूचो बंद करतलंस?"