जुना स्पंज

सुनेने माशांच्या टाकीतला स्पंज गरम पाण्यात, साबण लावून धुतला होता. नुसता धुतला नाही, तर घट्ट पिळून गच्चीवर कडकडीत उन्हात वाळवला होता. बारा वर्षं तपकिरी असलेला तो स्पंज नव्यासारखा लख्ख दिसत होता आणि ती बिचारी शाबासकीची वाट पाहत उभी होती.

घड्याळजींनी स्पंजकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि काही न बोलता ते आपल्या खोलीत निघून गेले.

दुसऱ्या कुणी घर डोक्यावर घेतलं असतं. पण हा माणूस त्यातला नव्हे. शब्दाने शब्द वाढतो, असं ते म्हणायचे. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली, गिऱ्हाइकाशी कधी वाजलं नाही. अडतीस वर्षं संसार केला, बायकोवर कधी आवाज चढवला नाही. शेजारणी तिला म्हणायच्या, नशीब काढलंस बाई! ती हसायची आणि कामाला लागायची.

माशांची टाकी तिची. ती जाऊन दोन वर्षं झाली. दुखणं अंगावरच काढलं तिने. नवऱ्याला घोर नको, एवढाच विचार. सहा महिने आधी आणायला हवं होतं, असं डॉक्टर म्हणाले. तिचे कपडे वाटून झाले, चष्मा खणात पडून होता. तिच्या हातचं जिवंत असं काही उरलं असेल, तर ते फिल्टरच्या त्या स्पंजात. मासे काय, मरायचे आणि नवे यायचे. पण स्पंजात डोळ्यांना न दिसणारे जिवाणू वस्ती करून होते. माशांच्या घाणीतून होणारं विष तेच पचवायचे.

"मासे नुसते पाहुणे हो," ती म्हणायची. "राबणारे सगळे आत आहेत."

स्पंज धुवायचा तर टाकीतलंच पाणी बादलीत काढायचं आणि त्यात हलकेच दाबायचा. नळाखाली धरायचा नाही, कारण त्या पाण्यातल्या औषधाने जिवाणू मरतात. वीज गेली की स्पंज हाताने बादलीत हलवत बसायचं, नाहीतर ते गुदमरतात. तिच्यामागे घड्याळजींनी हे सगळं डोळ्यांत तेल घालून सांभाळलं होतं.

चौथ्या दिवशी टाकीचं पाणी दुधाळ झालं. पाचव्या दिवशी तीन मासे गेले. उरलेले दोन पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकू लागले.

"बाबा, मला खरंच माहीत नव्हतं हो," सून स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. तिचे डोळे सुजले होते. "चुकलं माझं."

घड्याळजींनी वर्तमानपत्राचं पान उलटलं. थोड्या वेळाने मुलाला म्हणाले, "चहात साखर कमी घालायला सांग." सून दोन हातांच्या अंतरावर उभी होती. झाल्या गोष्टीवरून तिला एका शब्दानेही त्यांनी दुखवलं नाही.

सहाव्या दिवशी सकाळी ते टाकीतल्या पाण्याची बरणी घेऊन बसमध्ये बसले. दोन तासांवर मेहुणी राहायची. आठ वर्षांपूर्वी बायकोने आपल्या स्पंजाचा तुकडा कापून तिच्या नव्या टाकीत घातला होता, शेजारणीला विरजण द्यावं तसा. आता तेवढीच आशा होती.

"अगंबाई, भाऊजी!" मेहुणीने दार उघडलं. "फोन नाही, काही नाही. आणि हे काय, बरणी?"

त्यांनी सगळं सांगितलं. सांगता सांगता रडू फुटलं. "ती पुन्हा एकदा गेली असं वाटतंय गं."

मेहुणीने बादलीत टाकीचं पाणी काढलं, फिल्टर उघडला, तपकिरी स्पंज त्या पाण्यात धरून कात्रीने अर्धा कापला.

"हे ताईचंच आहे," ती म्हणाली. "दोन्ही मासे वाचतील. काळजी करू नका."

घड्याळजींनी डोळे पुसले. सहा दिवसांत पहिल्यांदा त्यांनी मोकळा श्वास घेतला.

"तिच्या हातून असं कधी झालं नसतं," ते म्हणाले.

मेहुणीने कात्री खाली ठेवली.

"झालं होतं की. पाहुणे यायचे होते, घाईघाईत नळाखाली धरला. दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने इथे आली. तुम्ही बसलाय ना, तिथेच बसून रडली. माझ्या स्पंजातला तुकडा घेऊन गेली आणि मला शपथ घातली, यांना कळू द्यायचं नाही."

"का? मी ओरडलो असतो? उभ्या जन्मात कधी ओरडलो तिच्यावर?"

"नाही, ओरडला नाहीत." मेहुणीने तुकडा बरणीत सोडला. "तुमचा जुना रेडिओ तिने भंगारवाल्याला दिला, तेव्हा चार महिने बोलला नव्हतात तिच्याशी."

"रागाच्या भरात तोंडून काही वेडंवाकडं जाऊ नये, म्हणून..."

"चार महिने, भाऊजी. काही झालं की तुम्ही असेच गप्प व्हायचात."

"काहीतरीच बोलतेस!" घड्याळजी म्हणाले. "तिचा जीव होता माझ्यावर. एवढं मोठं दुखणं लपवलं तिने, ते मला त्रास नको म्हणूनच ना?"

मेहुणीने बरणीचं झाकण घट्ट लावलं.

"गाठ हाताला लागली, त्याच दिवशी तिने मला सांगितलं होतं. मी म्हटलं, आजच्या आज भाऊजींच्या कानावर घाल. तर म्हणाली, 'आत्ता नको गं. परवापासून कुठे ते माझ्याशी बोलायला लागलेत.'"