डबीतला कापूस

"रूमवर आम्ही चौघं," वायरमन सांगत होता. "परवा बॅगेतली डबी वाजली. एकानं विचारलं, रोज कसली रे गोळी खातोस? म्हटलं, केस गळतात. तर म्हणतो कसा, मग मलाही दे की एक!"

खोलीत हशा पिकला. सात खुर्च्या, सात जण, सगळे विशी-बाविशीतले. सगळ्यांच्या रक्तात तोच एचआयव्ही आणि सगळ्यांच्या बॅगेत तीच पांढरी डबी. दारावरच्या कागदावर मात्र नुसतंच 'युवा नेतृत्व प्रशिक्षण' असं लिहिलं होतं. इथून बाहेर पडल्यावर प्रत्येकानं आपल्यासारख्याच दहा जणांना सांभाळायचं होतं.

"त्याला टक्कल पडेपर्यंत थांबवून ठेव," ताई म्हणाली. ती त्यांच्याहून पाच-सहा वर्षांनीच मोठी होती, पण तिला सगळे ताईच म्हणत. "आता ऐका. आपली माणसं गोळ्या सोडतात ती कंटाळून कमी आणि आवाजाला भिऊन जास्त." तिनं कापसाच्या गुंडाळीतून एक बोळा तोडला. "हा डबीत दाबून बसवायचा. दर महिन्याला नवी डबी, नवा बोळा. मग खिशात घेऊन नाचलात तरी कुणाला कळणार नाही."

खरं तर आजचा वर्ग भोंगा घेणार होती. तिचा आवाज जिन्यापासून ऐकू यायचा, म्हणून भोंगा. मागच्या बॅचमधली सगळ्यात हुशार मुलगी. वीस दिवसांपूर्वी ती गेली. टीबी अंगावर काढला, असं सगळे म्हणाले. ताईनंही तेच धरून ठेवलं होतं.

दारात कुणीतरी उभं असल्याचं आधी वायरमनलाच दिसलं. भोंग्याची आई होती. गळ्यात मापाची टेप तशीच लोंबत होती. हातातलं शिवण टाकून आलेली दिसत होती.

"चालू द्या तुमचं," ती म्हणाली. "मी फक्त हे परत द्यायला आले."

तिनं पिशवीतून एक डबी काढून टेबलावर ठेवली. मग दुसरी. मग तिसरी. अकरा डब्या झाल्या. एकीचाही आवाज झाला नाही.

"तिच्या कपड्यांच्या मागे सापडल्या. म्हटलं, कुणाच्या तरी उपयोगी पडतील."

ताईनं एक उघडली. वर कापूस, खाली महिन्याच्या सगळ्या गोळ्या तशाच. दुसरी उघडली. तिसरीला तिनं हात लावला नाही.

अकरा महिने. दर महिन्याला ताईनं भोंग्याच्या नावापुढे 'गोळ्या नियमित' या रकान्यात खूण केली होती. विचारलं नव्हतं. जी पोरगी दुसऱ्यांना दटावून गोळ्या खायला लावते, तिला काय विचारायचं?

"माझं मशीन बाहेरच्या खोलीत," आई म्हणाली. ती कुणाकडेच बघत नव्हती. "नऊ वाजले की आत डबी वाजायची. वाजली की मी मशीन बंद करायची. कितीतरी वर्षं. मी कधी विचारलं नाही, तिनं कधी सांगितलं नाही. मग घरात सून आली. एक दिवस नऊ वाजले, सव्वानऊ झाले, वाजेना. आत जाऊन विचारलं, तर मला म्हणते, आई, ताईंनी कापूस घालायला शिकवलंय, वहिनीला कळायला नको. मला आपलं बरं वाटलं. म्हटलं, पोरगी शहाणी झाली."

"मी पण तिच्यावर..." ताई म्हणाली.

"तुम्हाला बोल लावायला नाही आले हो. मी तरी काय केलं? कापसावर भरवसा ठेवला."

मग तिनं उघड्या डबीतला बोळा चिमटीत धरून बाहेर काढला, झाकण लावलं आणि डबी हलवली.

खुळखुळ झाली. खोलीतले सात हात एकाच वेळी आपापल्या बॅगेवर गेले.

आईनं ते पाहिलं. डबी हळूच खाली ठेवली.

"ताई," वायरमननं विचारलं, "मग मी कापूस घालू की नको?"

ताईनं टेबलावरच्या अकरा डब्यांकडे पाहिलं.

"नाही घातला तर रूम सुटेल. रूम सुटली की काम सुटेल. मी काय करू, ते सांगा ना."

मघाशी तोडलेला बोळा ताईच्या मुठीत घामानं ओला झाला होता.

"घरी कोण आहे रे तुझ्या?" आईनं विचारलं.

"आहेत की सगळे. माहीत कुणालाच नाही."

आईनं मान हलवली. पिशवीची घडी घातली, पुन्हा उलगडली, पुन्हा घातली. जायला निघाली, आणि मध्येच वळून ताईसमोर येऊन उभी राहिली.

"आणि तुमची? तुमची डबी कोण ऐकतं?"

गोळ्या सुरू झाल्यापासूनच्या नऊ वर्षांत हे ताईला कुणी विचारलं नव्हतं. तिनं पर्समधून आपली डबी काढली आणि सगळ्यांच्या देखत हलवली.

काहीच ऐकू आलं नाही. तिनं पुन्हा हलवली, जरा जोरात.

आई मान कलती करून, मशीन थांबवून ऐकावं तशी, ऐकत राहिली.