नवसाचं गलबत

तिसरी फळीही वाकवताना मोडली. परशुरामने तिचे दोन्ही तुकडे अंगणात भिरकावले आणि लगेच उठून वेचून आणले. साग होता.

"पान्यात किती भिजवलेलीस?" ओट्यावर बसून तंबाखू मळत कान्हा कोळ्याने विचारलं.

"सकाळपासून."

"दोन दिवस भिजव, बोललेलो मी. तुमच्या कचेरीतला कागद हाय का तो, ओला केला की वाकला?"

कान्हाची हयात खाडीवर गलबतं बांधण्यात गेली होती. परशुराम आगरी, ठाण्याला मीठ खात्यात कारकून, घराण्यातला पहिला लिहिता-वाचता माणूस. त्याने पटाशी हातात धरली ती वयाच्या चाळिसाव्या वर्षी, गेल्या महिन्यात.

कारण आईचा शब्द. आवडाबाई श्रावणात गेली. आदल्या दुपारी तिने त्याला उशाशी बोलावलं. खोलीत दुसरं कुणी नव्हतं.

"कोपरच्या देवीला बोट बोललेय रं तुज्यासाठी. तू ल्हान व्हतास. नवस फेडाचा राहिला. लाकूड घे, तुज्या हातानं घडव. इकत आनू नको."

त्याने बाहेर येऊन बायकोला सांगितलं, "आईनं देवीला गलबत बोललंय."

लक्ष्मीने कपाळाला हात लावला. लेकीचं, जयाचं, लग्न माघात ठरलेलं. तिच्या होणाऱ्या सासऱ्याने मागाहून निरोप धाडला, की घरात नवस तटलेला असताना आम्ही हळद लावून घेणार नाही. माघापर्यंत फेडा, नाहीतर दुसरीकडे बघतो.

परशुरामने आईचे शब्द जसेच्या तसे सांगितले, तेव्हापासून कान्हाला मात्र हे पटलं नव्हतं.

"आवडाबाय बोट बोल्ली? अरं, तिचा जल्म खाडीवर गेला. ती होडी बोलंल, मचवा बोलंल. बोट तुमचा सायब बोलतो."

"माझ्या तोंडून ऐकलं असेल." परशुराम चिडला. "आणि होडी म्हणायची असती तर होडी म्हणाली असती. बोट म्हणजे मोठं, शिडाचं. रोज बंदरावरचे कागद लिहितो मी. मला कळत नाही होय?"

"मंग बांधा," म्हणून कान्हाने तंबाखू तोंडात टाकली.

परशुरामने वहीत माप काढलं. खऱ्या गलबताच्या दोन हातांना आपलं एक अंगुळ. चाळीस हातांचं गलबत, वीस अंगुळं लांब. कागदावर सगळं सुरेख जमलं. लाकडात काहीच जमेना. तळाचा कणा सरळ होता, पण त्यावर बरगड्यांसारख्या बसवायच्या लाकडी वाकांत दोन सारखे म्हणून होईनात. डावा तासला की उजवा मोठा वाटे. उजवा तासला की डावा. असं करता करता एकदा दोन्ही संपले.

कार्तिकात पहिल्यांदा त्याने फळ्या ठोकलेला सांगाडा परातीतल्या पाण्यात सोडला. तो डाव्या अंगावर आडवा झाला.

"ताडी पिऊन आलाय," कान्हा म्हणाला.

"लग्न जयाचं आहे की ह्याचं?" आतून लक्ष्मी म्हणाली. "परात द्या इकडे. पीठ मळायचंय."

परशुरामने सगळ्या फळ्या उचकटल्या आणि पुन्हा वही उघडली. आपण आयुष्यात काही धड केलं नाही, निदान आईचं एवढं तरी, असं त्याला वाटत होतं, पण ते कुणाला सांगायचं?

त्यात उजवी तर्जनी. ती लहानपणापासून वाकडी. खिळा धरायला कधीच धड नव्हती. दोनदा तिच्यावर हातोडी बसली. तिसऱ्यांदा पटाशी निसटली. त्याने चिंधी गुंडाळली आणि काम चालू ठेवलं. आठवड्याने हात कोपरापर्यंत सुजला. डॉक्टरने तर्जनी मुळापासून काढली, तेव्हा लक्ष्मी रडली.

"जळो ते गलबत! हात घालवून बसलात."

"हात आहे. शिडाच्या दोऱ्याच राहिल्यात आता," परशुराम म्हणाला.

गाठी त्याने डाव्या हाताने आणि दातांनी मारल्या. पौषात गलबत पुन्हा परातीत उतरलं आणि सरळ उभं राहिलं. कान्हाने वाकून पुढच्या नाळेपासून मागच्या सुकाणूपर्यंत पाहिलं, डोलकाठीला टिचकी मारली.

"पान्यात सोडलं तं जाईल मुंबयपावत," तो म्हणाला. तीन महिन्यांत तो पहिल्यांदाच बरं बोलला होता. परशुरामने तोंड फिरवून डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी मचव्यातून तो कोपरला गेला. गलबत मांडीवर, पट्टी बांधलेला हात त्याच्यावर सावली धरून. देवळात मनुबाई दिवा लावत होती. ती आईची मैत्रीण, वयाने वाकलेली, नजर अधू. तिने शिडांवरून हात फिरवला.

"ग्वाड हाय रं. कोनाचं?"

"आईचा नवस, मनुमावशी. मीच घडवलं."

"गलबत तं कोली वाहतान. आवडानं कंदी बोल्लं गलबत?" मनुबाईने दिवा सरकवला. उजेड भिंतीवर चढला. तिथे दोऱ्यांना लाकडी कान टांगले होते, लाकडी पावलं, एक लहानसा लाकडी हात. "तू रांगता व्हतास. उखलात हात घातलास, वरून तिचाच मुसल. वैदू बोलला, तोडाला लागंल. आवडा रडत इकरं आली. माज्यासमोर बोल्ली, माज्या पोराचं वाचव, मी लाकडाचं तसंच वाहीन."

परशुराम भिंतीकडे बघत राहिला.

"देवीनं वाचवलं बग." मनुबाईने हसून हात पुढे केला. "दाखव रं, तुजं बोट."

परशुरामने उजवा हात पाठीमागे नेला.