ओलं लिंपण

मेहरुननं यंत्राची सुई वैजूच्या माहेरच्या भिंतीच्या आणखी आतल्या थरावर टेकवली. दरवर्षीचं लिंपण ओलं असताना घरात उमटलेले आवाज आता मातीतून ऐकता येत.

“मावशी, याही वर्षीच्या थरात तुमचे आबा आईला मारतायत. थांबू?”

“नको गं. तिचं गाणं हवंय मला. आबांच्या धाकानं ती माझ्यासमोर कधी गायलीच नाही,” वैजू म्हणाली.

सगळ्यात आतल्या, वैजूच्या जन्माआधीच्या थरात बांगड्या किणकिणल्या. मग कोवळा, दबका आवाज आला:

“पोटातल्या माझ्या मैने, भिंत लिंपिते गं बाई,
तुझ्या घरात गा मोठ्यानं, माझ्या वाट्याला ते नाही.”

नवऱ्याच्या घरी वैजूही कधी गायली नव्हती. तिनं भिंतीला गाल लावला.

“मेहरुन, थोडी माती कालव. आईला उत्तर द्यायचंय. मोठ्यानं.”