वर आलेली पावलं

मार्चअखेर ऊन तापलं की गोठलेल्या तळ्यावरचं हिम खचतं आणि हिवाळाभर उमटलेली पावलं वर येतात. पायाखाली दाबलं गेलेलं हिम सगळ्यांत शेवटी वितळतं, त्यामुळे प्रत्येक पाऊल विटेसारखं उभं राहतं.

आइलाच्या वडिलांची पावलं तशीच वर आली. जानेवारीत बर्फाखाली लावलेली मासळीची जाळी काढायला गेले असताना पायाखालचा बर्फ फुटून ते बुडाले होते आणि अजून सापडले नव्हते. डावा पाय ओढत चालायचे, म्हणून ओळखायला वेळ लागला नाही.

"बर्फ फुटला की सापडेल तो," शेजारचे ताउनोकाका म्हणाले. "तुझ्या आईशेजारी पुरू त्याला. उशीर केला म्हणून ती बोलेल, पण त्याला काय, सवय आहे."

"बोलू दे," आइला म्हणाली. "काका, ही दुसरी रांग कुणाची?"

ती रांग तळ्याकडून घराकडे येत होती. तिच्यातलंही डावं पाऊल ओढलेलं होतं. काका वाकले आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले.

"ही पहिल्या रांगेपेक्षा वीतभर उंच आहे. फेब्रुवारीत हिम पडलं ना, त्याच्यावरून चाललंय कुणीतरी."

दोघं रांगेच्या कडेकडेनं घरापर्यंत आली. आइलाच्या खिडकीखाली पावलांचा ओटा झाला होता, कुणी रोज येऊन उभं राहावं तसा.

"काका, पुरायचं ना आपण त्यांना?"

काका ओट्यापुढच्या शेवटच्या पावलाकडे बघत होते. ते वर आलेलं नव्हतं. खोल रुतलेलं होतं, आणि त्यात पाणी अजून भरत होतं.