घरच्या माणसासारखं

डोळ्यांचे फोटो काढायच्या यंत्रापुढच्या स्टुलावर बसून त्या माणसाने हनुवटी टेकवली, घसा खाकरला, आणि त्या खाकरण्यावरून तिने आपल्या थोरल्या दिराला ओळखलं.

त्याने तिला ओळखलं नाही. कसा ओळखणार? खोलीत अंधार, तिच्या तोंडावर मास्क, आणि बाहुल्या मोठ्या करायच्या थेंबांमुळे त्याला हातभरावरचंही धुरकट दिसत होतं. आवाजावरून ओळखायचं, तर तिचं बोलणं त्याने कधी ऐकून घेतलं होतं? तिच्या हातातल्या कागदावरही नाव नव्हतं. दवाखान्यात नवं संशोधन चालू होतं, डोळ्याच्या पडद्याच्या फोटोवरून हृदयाची नि मेंदूची खबर काढायचं, आणि त्यात माणसाला नुसता क्रमांक असे. क्रमांकाखाली तक्रार लिहिलेली होती: आठवडाभर डोकं ठणकतं, अक्षरं पुसट दिसतात, चष्म्याचा नंबर वाढला असेल.

"ताई, लवकर आटपा," तो म्हणाला. "म्हणजे तुम्ही सांगाल तसं. शिकल्यासवरल्या माणसांचं मी ऐकतो."

ऐकतो म्हणे! तीन वर्षांपूर्वी तिच्या नवऱ्याचा उजवा हात लुळा पडला, जीभ जड झाली, तेव्हा गाडीची किल्ली याच माणसाच्या खिशात होती. ती पाया पडली होती. बायको घाबरट, नवरा तिच्याहून घाबरट, झोपला की उतरेल, असं म्हणून याने पंखा लावून दिला होता. भाऊ त्याच दुपारी गेला. मग भेटायला आलेल्या माणसांसमोर यानेच उलटी बोंब ठोकली, की हिने दुखणं लपवलं, माझ्या भावाला हिनेच खाल्लं. आठवड्याभरात तिची बॅग दाराबाहेर आली.

तिने बटण दाबलं. लख्ख उजेड पडला आणि डोळ्याचा पडदा समोरच्या संगणकावर उमटला. हजारो फोटो काढलेल्या नजरेला सांगायला कुणी लागत नाही. जागोजागी रक्ताचे ओघळ, कापसाच्या बोळ्यांसारखे पांढरे डाग, आणि नस जिथे आत शिरते तिथली चकती सुजून कडा हरवलेली. रक्तदाब इतका चढला होता, की मेंदूतली नस आज फुटते की उद्या, एवढाच प्रश्न. कोपऱ्यात यंत्राने धोक्याची लाल खूण उमटवली.

तिला आनंद झाला. खोटं कशाला बोला, अगदी आतून झाला. गप्प बसलं असतं तर सुंठीवाचून खोकला गेला असता. पण लाल खुणेची वेळ नोंदली जाते, आणि डॉक्टर मॅडम ऑपरेशनमध्ये असल्या की रुग्णाला समक्ष सांगून बसवून ठेवायचं काम तिचंच होतं. न सांगून चालणार नव्हतं.

मास्क लावलेल्या परक्या ताईने सांगितलं असतं, तर तो निमूट बसला असता. हे तिला पक्कं ठाऊक होतं. मॅडम शिकवताना नेहमी म्हणत, यंत्रासारखं बोलू नका, घरच्या माणसासारखं सांगा.

तिने दिवा लावला, मास्क हनुवटीखाली ओढला आणि त्याच्या तोंडासमोर येऊन बसली.

"भाऊजी, मी. तुमच्या धाकट्याची बायको."

तो डोळे किलकिले करून बघत राहिला. मग त्याची मान ताठ झाली.

तिने एक अक्षरही गाळलं नाही. डोळ्यात रक्तस्राव आहे, नस सुजली आहे, हा नंबराचा त्रास नाही, रक्तदाबाचा आहे. आत्ताच्या आत्ता दाखल व्हावं लागेल, नाहीतर जिवावर बेतेल. दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधते, आकडा हवं तर दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्या. आवाज तिने अगदी मऊ ठेवला, आणि तो मऊपणाच त्याला झोंबणार, हेही तिला ठाऊक होतं.

"कळलं," तो उठत म्हणाला. "घाबरवून मारायचंय मला. सूड उगवतेस."

"खरं तेच सांगतेय, भाऊजी."

"तुझं ऐकण्यापेक्षा मेलेलं बरं."

ती पट्टा हातात धरून उभी राहिली, दाराकडची वाट मात्र मोकळी सोडली. तो भिंत चाचपत बाहेर पडला. तिने कागदावर लिहिलं: रुग्णाला समक्ष सांगितले, रुग्णाने ऐकले नाही. खाली वेळ टाकली, सही केली.

दोन वाजता मॅडम ऑपरेशन आटोपून आल्या आणि फोटो बघून हबकल्याच. बाहेरच्या रजिस्टरमधला नंबर काढून त्यांनी दोनदा फोन लावला. कुणी उचलत नव्हतं.

"एकटेच आले होते का गं? घरचं कुणी होतं सोबत?"

"भावजय होती, मॅडम," ती म्हणाली. "तिने सगळं सांगितलं त्यांना. पण तिचं ते कधीच ऐकत नाहीत."