माद्यांनी फिरवलेली पाठ

प्रयोगशाळेत पाळलेल्या निरोगी डासांच्या माद्यांना रक्त पाजायचं काम धाकट्या बाईंचं होतं. देवाचं नाव घेऊन त्या जाळीच्या पिंजऱ्यात हात घालायच्या आणि माद्या हातावर तुटून पडायच्या.

आज एकही बसली नाही. सगळ्या उडून पलीकडे, खिडकीकडच्या जाळीला जाऊन चिकटल्या.

"साबण बदललात की काय?" थोरल्या बाईंनी हसत आपला हात आत घातला. बघता बघता तो काळा झाला. "बघा, मेलींचा माझ्यावरच जीव!"

त्यांनी हात बाहेर काढताच माद्या पुन्हा खिडकीकडे गेल्या.

धाकट्या बाईंना काही हसू येईना. माद्यांनी अशी पाठ आजवर फक्त प्रयोगातल्या आजारी उंदरांकडे फिरवली होती. ते उंदीर वरून धडधाकट दिसायचे. पण तापाच्या विषाणूने त्यांच्या आतड्यांतल्या नसा पार खाऊन टाकल्या होत्या. त्यांतला एकही वाचला नव्हता.

आपलंही पोट सकाळपासून दगडासारखं झालंय, हे त्यांना आत्ता जाणवलं.

"रक्त तपासून घेते," त्या उठत म्हणाल्या. "तोवर लेकीला जवळ घ्यायला नको."

तेवढ्यात किलकिल्या खिडकीच्या काचेवर टकटक झाली. बाहेर नवरा उभा होता, कडेवर लेक.

"आईला टाटा कर बघू," तो म्हणाला.

लेकीने इवलासा तळवा काचेला टेकवला.

खिडकीकडच्या माद्या एकदम उडाल्या. त्या आईच्या बाजूला आल्या नाहीत आणि परत लेकीच्या बाजूलाही गेल्या नाहीत. पिंजऱ्याच्या अगदी मधोमध, एकमेकींना बिलगून, त्या अधांतरी घोंघावत राहिल्या.